चाळीसाला एक

दरवर्षी २ ऑगस्टला सिल्वासात मुक्तिदिनाचे ध्वजवंदन असते. १९५४ साली, जुलैच्या उत्तरार्धात दादरा आणि नरोली सुटल्यावर, याच दिवशी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मोकळे झाले. त्या लढ्यात मराठी तरुण मोठ्या संख्येने होते आणि सुधीर फडके यांच्यासारखा संगीतकारही होता, हे शाळेतील मुलांना सांगताना माझा आवाज आजही किंचित भरून येतो. गेल्या वर्षीही आला. भाषण झाले, पेढे वाटून झाले, आणि भर पावसात छत्री सावरीत मी घरी परतलो, तो सौ. ओटीवरच उभी.

"अहो, चपला काढू नका," ती म्हणाली. "न्हाणीघरातून पाणी वर येतंय."

तासाभरापूर्वी मुक्तीवर बोलून आलेल्या माणसाच्या घरात पाण्याला बाहेर पडायची वाट राहिली नव्हती. न्हाणीची जाळी पाण्याखाली गेली होती, शौचकूपाचे भांडे काठोकाठ भरले होते, आणि त्या पाण्याचे वर्णन मी या कौटुंबिक मासिकात करणार नाही. एवढेच सांगतो, की दुपारचे नैवेद्याचे ताट शेजारच्या गुजराती वहिनींकडून आले आणि पुढचे नऊ दिवस आम्ही त्यांच्याच न्हाणीघराचे आश्रित होतो.

हे घर आमच्या अप्पांनी १९७८ साली बांधले. दादरा व नगर हवेलीचे १९६१ साली भारतात विलीनीकरण झाल्यावर येथे शिक्षकांची गरज होती. अप्पा त्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातून आले आणि इथलेच झाले. 'हवेली म्हणजे मूळची आपलीच,' असे ते म्हणत, आणि पेशव्यांनी पोर्तुगीजांशी १७७९ साली केलेल्या तहाचा दाखला देत. जणू शनिवारवाड्यानेच त्यांची येथे बदली केली होती! घराचा त्यांनी ठेवलेला हिशेब लाल कापडी बांधणीच्या एका वहीत आहे. अप्पा गेल्यावर ती वही मी देवघराखालच्या कप्प्यात ठेवली होती. पोथीसारखी ठेवली आणि पोथीसारखीच कधी उघडली नाही. त्या संध्याकाळी उघडली.

वहीत सगळे होते. विटांच्या गाड्या, वापीहून आलेले सिमेंट, सुताराचे नाव, गवंड्याचे नाव, त्या दोघांना दसऱ्याला दिलेली धोतरे. आणि एका पानावर, अप्पांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात : 'सांडपाणी व मैला यांची नळी. भाजलेल्या चिनी मातीचे नळ, ४ इंची, २८ नग, दर रु. ९.५०, एकूण रु. २६६.' शेजारी पेन्सिलीने काढलेला नकाशा. शौचकूपापासून निघालेली रेघ घराच्या कडेने सरळ मागे जाते आणि अंगणाच्या टोकाशी एका चौकोनात शिरते. तो चौकोन म्हणजे सेप्टिक टाकी. शेजारी तिला खाळकुवो म्हणतात आणि मला तो शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. रेघेच्या मध्यावर एक लहानसे वर्तुळ, त्यात लिहिले आहे, 'औदुंबर.'

ते रोप अप्पांनी गाणगापूरहून आणलेले होते. आज त्याचा बुंधा माझ्या कवेत मावत नाही.

दुसऱ्या दिवशी नळकाम करणारा माणूस आला. त्याने बांबूची लांब कामटी नळात सरकवली. बावीस फुटांवर ती अडकली. फिरवून ओढली तेव्हा तिच्या टोकाला तांबूस केसांचा भला मोठा गुंता निघाला. क्षणभर मी दचकलो. ती मुळे होती. मातीचे नळ दोन-दोन फुटांचे असतात, त्यांचे सांधे सिमेंटने बुजविलेले असतात, आणि चाळीस वर्षांत त्या सांध्यांना केसाएवढी भेग पडली तरी झाडाला ती पुरते. बाहेर उन्हाळ्यात कोरडी माती आणि आत बारमाही ओलावा व खत. औदुंबर तरी काय करणार? एक तंतू आत शिरतो, जाड होतो, सांधा फोडतो, मग त्याचे भाऊबंद येतात. 'साफ करून देतो,' तो माणूस म्हणाला, 'पण सहा महिन्यांनी परत बोलवाल. लाइनच बदलायला पाहिजे, सर.'

येथून माझ्या शिक्षणाला प्रारंभ झाला. एम.ए.ला मी मराठी भाषेचा इतिहास शिकलो, परंतु घराखालच्या नळाचा एक शब्द मला येत नव्हता. आता चेंबर, गली ट्रॅप, हवेचा उभा नळ, सगळे समजून घेतले. न्हाणीच्या जाळीखालच्या वाकड्या भागाला, ज्यात थोडे पाणी कायम अडून राहते व त्यामुळे खालची दुर्गंधी वर येत नाही, हे लोक 'नहानी ट्रॅप' म्हणतात. मी चमकलो. नंतर एका अभियंता मित्राने दाखविले, की इंग्रजीतील भारतीय स्थापत्याच्या पुस्तकांतही हाच शब्द छापलेला असतो. आपली न्हाणी इंग्रजी ग्रंथात सुखाने नांदते आहे आणि आमच्या शाळेच्या पत्रव्यवहारात मात्र आम्ही 'बाथरूम' लिहितो!

दुसरा शब्द तर याहून मौजेचा. संस्कृतात प्रणाल किंवा प्रणाली म्हणजे पाणी वाहून नेणारी वाट, नाली. आपली पन्हळ त्यातूनच आली. 'शिक्षणप्रणाली', 'विचारप्रणाली' हे शब्द मी भाषणांतून किती भारदस्तपणे वापरले आहेत! त्यांचे मूळ अंगणातील नालीत आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हते. या विषयावर चार ओळी लिहून ठेवाव्यात म्हणून वही घेतली, तेव्हा सौ. म्हणाली, "आधी ती प्रणाली सुरू करा." बोलणे संपले.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे उतार. चार इंची नळाला चाळीसाला एक असा उतार हवा. चाळीस फूट जाताना एक फूट खाली. त्याहून फार कमी झाला तर पाणी रेंगाळते व गाळ बसतो. सहा इंची नळाला साठाला एक पुरतो. अप्पांची लाइन छप्पन्न फुटांची. म्हणजे घरापासून टाकीपर्यंत सुमारे सतरा इंच उतरायला हवी. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब. सहावीच्या मुलांना मी पाण्याच्या हौदांची आणि नळांची गणिते पुष्कळ घातली, परंतु हौद भरण्याचीच. मैला वाहून जाण्याचे गणित कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हते आणि मलाही ते कधी घालावेसे वाटले नाही.

आता पैशांविषयी. ज्यांच्या घरावर असा प्रसंग यायचा आहे, त्यांच्या उपयोगाचे म्हणून जरा तपशिलाने सांगतो.

मी तीन अंदाज मागविले. पहिला एक लाख अठरा हजारांचा होता आणि तो देणारा गृहस्थ इतका अदबीने बोलत होता की मी त्याला पुन्हा फोन केला नाही. दुसरा नव्व्याण्णव हजारांचा. त्याची फोड अशी होती : पी.व्ही.सी.चे नळ व रबरी कड्यांचे सांधे अकरा हजार. पाच चेंबर पंचवीस हजार. खोदाई व भराई तेरा. नळाखाली काँक्रीटचा थर नऊ. न्हाणीघराची व मागील पडवीची फरशी फोडून पुन्हा बसविणे एकवीस. नळकाम्याची मजुरी चौदा. आणि टाकी यंत्राने उपसून घेण्याच्या दोन खेपा, सहा हजार. वाचकांच्या लक्षात येईल की ज्याला आपण 'लाइन' म्हणतो, तो नळ या सगळ्यात अगदी स्वस्त. अकरा हजारांची वस्तू जमिनीखाली नेऊन ठेवायला नव्वद हजार लागतात. आणि त्यातही फरशीचे एकवीस हजार ऐकून माझी छाती दडपली, कारण जी फरशी उत्तम स्थितीत होती तीच आधी फोडायची होती.

तिसरा अंदाज शहात्तर हजार पाचशेचा.

येथे मला माझ्या मनातील एक खासगी गोष्ट सांगितली पाहिजे. गेली अनेक वर्षे मी अधूनमधून लिहीत आलो आहे. निवृत्तीला तीन वर्षे राहिली असताना त्या लेखांचा एक संग्रह स्वखर्चाने काढावा, या हेतूने मी बँकेत वेगळे ऐंशी हजार साठविले होते. पुण्याच्या एका मुद्रकाकडून पाचशे प्रतींचा दरही मागविला होता. मुखपृष्ठावर दमणगंगेचे चित्र असावे, येथवर विचार झाला होता. ऐंशी हजारांतून शहात्तर हजार पाचशे गेले तर निदान कर्ज होत नव्हते. संग्रह जमिनीत पुरायचाच, तर तो उसनवारी न करता पुरावा, असे मी ठरविले आणि तिसऱ्याला होकार दिला.

तो स्वस्त का होता, हे मी विचारले नव्हते असे नाही. विचारले होते. त्याने आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत सरळ सांगितले. चेंबर पाचाऐवजी तीन. काँक्रीटचा थर नको, 'माती घट्ट छे, मास्तरसाहेब.' आणि टाकीसाठी यंत्र नको. 'अकरा वर्षांत उपसली नाही म्हणता, तर गाळ खाली दगड झाला असेल. मशीन वरचं पाणी ओढेल. खालचं तर माणूसच काढेल. माझा माणूस आहे. अडीच हजारात करेल. पण त्याला अगोदर दारूचे पैसे द्यायला लागतील, घेतल्याशिवाय तो उतरत नाही.'

हे मी ऐकले आणि मान हलविली. आज हे लिहिताना मला त्या मान हलविण्याचाच विचार करावा लागतो. मी काही अजाण नव्हतो. दरवर्षी २ ऑक्टोबरला मुलांसमोर मी अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट सांगतो. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे ते विद्वान गृहस्थ १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून अडून बसले, अन्नत्यागापर्यंत गेले, आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांची बाजू घेतली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासांचे आणि खताचे प्रयोग केले. ही गोष्ट मी चांगली सांगतो. मुले शांत बसतात. आणि अंगणात उभा राहून, माणूस आणि यंत्र यांच्यातील साडेतीन हजारांचे अंतर ऐकून, मी मान हलविली.

रात्री जेवताना सौ.ने विचारले, "टाकीत उतरणार कोण?"

"त्याचा माणूस आहे."

"ते झालं. पण कोण?"

मला उत्तर देता आले नाही. ती आणखी काही बोलली नाही, ताक वाढून आत गेली.

त्या रात्री मला झोप लागेना. १९८५ ची गोष्ट आठवली. मी तेव्हा शाळकरी मुलगा. टाकी पहिल्यांदा भरली होती. रात्री दहानंतर दोन माणसे आली, कंदील, दोर आणि डबे घेऊन. एक आत उतरला, दुसरा वर डबे ओढीत होता. आम्हा मुलांना खिडकीशी जायला बंदी होती म्हणून आम्ही खिडकीशीच होतो. काम झाल्यावर आईने चहा केला आणि तो माझ्या हाती दिला. कुंपणाच्या भिंतीत एक कोनाडा होता, तेथे बिनकानाचे दोन कप उपडे घातलेले असत. माणसाने कप पुढे धरायचा, आपण वरून ओतायचे. कपाला किटलीची चोच लागू द्यायची नाही, हे मला कोणी शिकविल्याचे आठवत नाही, पण मला येत होते. ज्याने कप धरला होता त्याचा हात थरथरत होता. थंडीने असेल असे मला वाटले होते. मे महिना होता.

सकाळी वही पुन्हा काढली. त्या नोंदीचे पान सापडले : 'टाकी उपसणे, २ माणसे, रु. ३०, चहा.' वहीभर गवंड्याची, सुताराची, रंगाऱ्याची, विहीर खणणाऱ्याची नावे आहेत. येथे मात्र 'माणसे'. अप्पा वाईट गृहस्थ नव्हते. माझ्या आठवणीत त्यांच्याइतका सरळ मनुष्य मी पाहिला नाही. म्हणूनच ती नोंद मला अधिक बोचली.

याच संदर्भात आणखी एक प्रसंग. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल लोथलला गेली होती. १९५५ पासून एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या नगरातील विटांच्या बांधीव मोऱ्या मी मुलांना अभिमानाने दाखवीत होतो. युरोपात तेव्हा काय होते, वगैरे. लंडनसारख्या शहरात १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटला बसणे अशक्य झाले तेव्हा कोठे तेथे भूमिगत गटारांची योजना हाती घेण्यात आली, हेही सांगितले. एका वारली मुलाने मध्येच विचारले, "सर, पण हे साफ कोण करीत होतं?" मी म्हणालो, त्यांची काही व्यवस्था असेल. आणि पुढे गोदीकडे निघालो.

दुपारी शाळेच्या संगणकावर मी कायदा वाचून काढला. जे आधी करायला हवे होते ते नंतर केले. हाताने मैला उचलण्याच्या कामास बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, आणि अधिक व्यापक असा २०१३ चा. या दुसऱ्या कायद्याप्रमाणे गटार किंवा सेप्टिक टाकी यांच्या धोकादायक सफाईसाठी, म्हणजे संरक्षक साधने व योग्य खबरदारी यांवाचून आत उतरवून करावयाच्या कामासाठी, कोणालाही लावता येत नाही. ही बंदी नगरपालिकांपुरती किंवा कंत्राटदारांपुरती नाही. 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत. पहिल्या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुख्याध्यापक म्हणून मी जी परिपत्रके वाचतो त्यांत 'कोणतीही व्यक्ती' म्हणजे दुसरे कोणीतरी असते. येथे ती व्यक्ती मी होतो. सर्वोच्च न्यायालयाने अशा कामात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला २०१४ साली दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख भरपाई ठरवून दिली. तीस लाख आणि साडेतीन हजार हे दोन आकडे मी कागदावर एकाखाली एक लिहिले आणि मग तो कागद फाडून टाकला, कारण ते गणितही मला घाणेरडे वाटू लागले.

टाकीत माणूस मरतो तो बुडून नव्हे, निदान नेहमी बुडून नव्हे. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. थोडा असेल तेव्हा त्याला कुजलेल्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणजे 'आता वास गेला' असे वाटावे, आणि तोच खरा धोका. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साचून राहतो, आणि गाळ ढवळला की एकदम वर येतो. उतरलेला माणूस बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्यांत बापलेक किंवा दोन भाऊ एकत्र का असतात, याचे हे कारण.

आणि ज्या गोष्टीने मी सर्वाधिक खजील झालो ती अशी, की उतरण्याची आवश्यकताच नव्हती. अभियंता मित्र म्हणाला, टाकी अगदी चाटूनपुसून साफ करायचीच नसते. तळाशी थोडा गाळ मुद्दाम ठेवायचा, कारण मैला कुजविणारे जिवाणू त्यातच असतात. विरजण ठेवतो तसे. घट्ट थर असेल तर यंत्राने जोरात पाणी सोडून तो ढिला करायचा आणि दुसऱ्या खेपेला ओढून घ्यायचा. दुसऱ्या अंदाजातील 'दोन खेपा' त्यासाठीच होत्या. जो मनुष्य अडीच हजारांसाठी दारू पिऊन खाली उतरणार होता, तो ज्या कामासाठी उतरणार होता ते काम करायचेच नव्हते.

संध्याकाळी तिसऱ्या कंत्राटदाराला नकार कळविला. तो रागावला नाही. "तुमची मरजी, मास्तरसाहेब. त्याला दुसरीकडे काम आहेच," एवढेच म्हणाला. हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. मी काही कोणाला वाचविले नाही. माझ्या अंगणापुरता मी बाजूला झालो, इतकेच.

काम सुरू झाले. प्रथम औदुंबराचा प्रश्न निघाला. सरळ रेषेत न्यायचे तर मुळे तोडावी लागणार, आणि त्या बाजूची मोठी मुळे तोडली तर पुढच्या पावसाळ्यात झाड घरावर येण्याचा संभव. झाड पाडावे, असे दोघा शेजाऱ्यांनी सुचविले. सौ. म्हणाली, "ते सासऱ्यांचं आहे. त्यांना विचारून पाडा." मग वळसा ठरला. वळसा म्हटला की दोन वळणे, आणि प्रत्येक वळणावर चेंबर. कारण अडले तर तेथेच अडते आणि तेथे झाकण उघडून हात, म्हणजे कामटी, पोहोचली पाहिजे. एक चेंबर वाढले, पाच हजार वाढले. शिवाय लाइन छप्पन्नची त्रेसष्ट फूट झाली, म्हणजे उतार सतराऐवजी एकोणीस इंच हवा. टाकीचे तोंड तर जागच्या जागीच. हे दोन इंच आणायचे कोठून? शेवटी न्हाणीघर व शौचकूप यांची जमीनच दोन इंच उचलली. हल्ली आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तेथे एकदा ठेचकाळतो आणि मग मी त्याला चाळीसाला एकचा नियम समजावून सांगतो. पाहुणे कमी झाले आहेत, असे सौ.चे निरीक्षण आहे.

जुने नळ खणून काढले. अठ्ठावीसपैकी एकवीस अजून धड होते. आतून तपकिरी चकाकी तशीच. मातीची भांडी किती टिकाऊ असतात हे लोथलला पाहिले होते, आता घरात पाहिले. परंतु मधले सहा-सात नळ खचून त्यांची झोळी झाली होती. पाणी तेथे साचत असले पाहिजे, वर्षानुवर्षे, आणि औदुंबराला तेथेच ओलावा मिळाला. तेवढा भाग खचला का? वहीत उत्तर होते. नळांच्या नोंदीखाली बारीक अक्षरात : 'तळास काँक्रीट रु. १४०. तूर्त नको.' त्या वर्षी आमच्या आत्याचे लग्न झाले होते, त्याचा हिशेब पुढच्याच पानावर आहे. एकशेचाळीस रुपयांची ती काटकसर मला पंचेचाळीस वर्षांनंतर फेडावी लागली, आणि त्या माणसाने ती का केली हे पान उलटताच कळले, त्यामुळे तक्रारही करता येईना. मी मात्र काँक्रीट घातले.

यंत्राची गाडी सकाळी आठला आली. आमच्या बोळात मोठी गाडी शिरत नाही, म्हणून लहान टँकर मागविला होता. बरोबर दोघे. लांब जाड नळी अंगणातून टाकीपर्यंत नेली, वर झाकण पाऊणच उघडले, दोघांपैकी कोणीही काठाच्या आत वाकले नाही. पहिली खेप, मग पाण्याचा झोत, मग दुसरी खेप. सव्वा अकराला संपले. माझ्या खिडकीतून शेजारची मुले पाहत होती. त्यांना कोणी बंदी घातली नाही.

सौ.ने चहा आणला. किटली नव्हे, ट्रे. माझी दृष्टी आपसूक कपांकडे गेली. निळ्या फुलांचे, पाहुण्यांचे कप होते. तिने त्यावर काही विचार केला असेल असे वाटले नाही. विचार मी करीत होतो. ते दोघे हात धुऊन ओटीवर बसले. एकाने बशीत ओतून चहा घेतला, दुसऱ्याने साखर आणखी मागितली. माझ्या संग्रहाची गोष्ट सौ.ने त्यांना सांगून टाकली होती. 'सरांचं पुस्तक आता पाइपात गेलं,' असे म्हणून ते हसले. मीही हसलो.

एकूण खर्च एक लाख सात हजार दोनशे. ऐंशी हजार साठविलेले, उरलेले फंडातून काढले. दमणगंगेचे मुखपृष्ठ निवृत्तीनंतर पाहू.

लाल वही अजून दहा-बारा पाने कोरी होती. अप्पांच्या अक्षराखाली माझे अक्षर लावायला संकोच वाटला, म्हणून नव्या पानापासून सुरुवात केली. नळ, चेंबर, वाळू, फरशी, नळकाम्याचे नाव, खोदाई करणाऱ्या चौघांची नावे. टाकीच्या नोंदीपाशी आलो तेव्हा टँकर अजून बोळाच्या तोंडाशी मागे-पुढे करीत होता. मी वही घेऊनच बाहेर गेलो आणि त्यांना नावे विचारली. चालकाने सांगितले. दुसरा नळी गुंडाळीत होता, तो म्हणाला, "नाव कशाला, सर? गाडीचा नंबर लिहा, परत बोलवायला तोच लागेल."

मी म्हटले, नंबरही लिहितो. मग त्याने सांगितले.